आरसी बुकात न आलेली नावं

२०२५ मध्ये आमच्या बुलेटची जुनी नंबर प्लेट निघाली. जुन्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली होती, म्हणून मी धुळ्यात एका सेंटरवर रांगेत उभा होतो. तिथल्या पोरानं स्क्रू काढले, मागचा पत्रा माझ्या हातात दिला आणि आरसी बुक चाळत म्हणाला, “दादा, इथं रंग काळा लिहिलाय.”

गाडी मरून होती.

“होता काळा,” मी म्हणालो.

“मग?”

“मध्ये बरंच काही झालं.”

मागे रांग होती, त्यामुळे बरंच काही म्हणजे काय ते त्यानं विचारलं नाही. ते विचार माझ्याच डोक्यात फिरत राहिले. हातात तो पत्रा होता. काळ्या पाटीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं ब्रशनं काढलेलं ‘एमएच १८’. एकचा पाय खाली किंचित वळवलेला. हा नंबर १९९० च्या दशकात देवपूरच्या एका पेंटरनं काढला होता. त्याचं नाव आमच्या घरात कुणाला आठवत नाही. आबा त्याला पेंटरच म्हणायचे.

आरसी बुकात काय आहे? कंपनी, एन्फिल्ड इंडिया. साल १९९१. इंधन पेट्रोल. आसनक्षमता दोन. रंग काळा. पहिला मालक धुळ्याचा, दुसरे आमचे आबा. चौतीस वर्षांचा कागदोपत्री इतिहास एवढाच. प्रत्यक्षात या गाडीला तीन वेगळे सायलेन्सर लागले, दोन हँडल बदलली, रंग पाच वेळा चढला आणि सीट तर मोजलीच नाही. हे ज्यांनी केलं त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्या पुस्तकात नाही.

धुळ्यात उभं राहून असा विचार आला की राजवाडे आठवतातच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांमधून जुनी दप्तरं गोळा करत हिंडले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं आहे, तिथं जुने कागद जपून ठेवलेत. गॅरेजमध्ये मात्र दप्तर नसतं. फार तर भिंतीवर खडूनं लिहिलेली उधारी असते आणि दिवाळीला भिंत रंगवली की तीही जाते. म्हणून हा लेख मी एकाच दप्तरावरून लिहितोय. ते दप्तर म्हणजे आमची गाडी.

सुरुवात आवाजापासून करतो, कारण मराठीनंही तिथूनच केली. सायकल आली तेव्हा आपण तिला सायकलच म्हणालो. मोटार आली, मोटार म्हणालो. पण मोटारसायकल आली तेव्हा लोकांनी तिला नाव दिलं फटफटी. चाकावरून नाही, वेगावरून नाही, मागच्या नळीतून येणाऱ्या आवाजावरून. दिल्लीतही तेच झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन तिथल्या कारागिरांनी मधोमध कापल्या, मागे चार-सहा माणसांची डबी जोडली आणि तिला फटफट म्हटलं. प्रदूषणाच्या कारणावरून १९९८ मध्ये त्या बंद होईपर्यंत लोक त्यातून कामाला जात होते. सांगायचं इतकंच की गाडी कापणं, जोडणं, तिचं दुसरंच काहीतरी करणं ही रीलच्या जमान्यातली टूम नाही. आणि ज्या भाषेनं वाहनाचं नावच सायलेन्सरवरून ठेवलं, तिथल्या पोरांना सायलेन्सरचं वेड का, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

बुलेट आपल्याकडे आली ती गणवेशात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी लष्कराला दणकट गाडी हवी होती. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्डची ३५० सीसीची बुलेट निवडली गेली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एन्फिल्ड इंडिया ही कंपनी झाली. आधी सुटे भाग यायचे आणि मद्रासला जोडले जायचे, मग सगळंच इथं बनू लागलं. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण बुलेट मद्रासला तयार होत राहिली. फौजी, मग पोलीस, मग गावचा पाटील, सावकार, दूध संघाचा चेअरमन, अशी ती खाली उतरत आली. आमच्या पारोळा तालुक्यातल्या गावात ती आली तेव्हा सेकंडहँड झाली होती. आबांनी ती १९९४ मध्ये धुळ्याहून आणली. कापसाचे पैसे आले होते.

ती चालू करणं हाच एक विधी होता. टाकीच्या पुढे, हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअर मीटर. डीकॉम्प्रेशनचा खटका ओढून किक हळूच दाबायची, काटा मधोमध आला की खटका सोडायचा आणि मग सगळं वजन टाकायचं. चुकलं तर किक उलटी यायची आणि पोटरी सुजायची. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. ही उलटी रचना या लोखंडी इंजिनाबरोबरच राहिली आणि २०१० च्या आसपास त्याच्याबरोबर गेली. आजची बुलेट चालवणाऱ्याला आमची गाडी दिली तर तो पहिल्याच वळणावर ब्रेकऐवजी गिअर दाबेल.

आबांनी गाडीला पहिली गोष्ट कोणती लावली असेल? क्रोमचा लेगगार्ड नाही. त्यांनी पारोळ्याच्या लोहाराकडून अँगलचं कॅरिअर करून घेतलं. औताचे फाळ शेवटणारा लोहार. त्यानं गाडीच्या दोन्ही बाजूंना चौकटी वेल्डिंग करून दिल्या, एका बाजूला फवारणीचा पंप, दुसऱ्या बाजूला पाण्याचा कॅन. तेव्हा कापसावर बोंडअळी होती आणि हंगामात आबा पुन्हा पुन्हा फवारत. बुलेटला तेव्हा औषधाचा वास यायचा, पेट्रोलचा नाही. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली, पुढच्या काही वर्षांत तो आमच्याकडेही आला, फवारण्या कमी झाल्या आणि एक दिवस आबांनी ते कॅरिअर कापून काढलं. चौकटी जिथं जोडल्या होत्या तिथं चासीवर अजून वेल्डिंगचे चार फोड आहेत. कापसाचा इतिहास शोधणाऱ्यानं ते बघायला हरकत नाही.

मधल्या काळात पेट्रोल महागलं म्हणून आबांच्या डोक्यात डिझेल इंजिनही होतं. हे वेड एकट्याचं नव्हतं. कंपनीनंच १९९० च्या दशकात ‘टॉरस’ नावाची डिझेल बुलेट काढली होती. इंजिन ग्रीव्हज लोम्बार्डिनीचं, ३२५ सीसी, ताकद सहा-साडेसहा हॉर्सपॉवर. मायलेज भरपूर, वेग बेताचा, थरथर अशी की आरशात मागचं काहीच दिसायचं नाही. शेजारी गुजरातेत, सौराष्ट्रात, बुलेटच्या पुढच्या भागाला डिझेल इंजिन आणि मागे ट्रॉली जोडून छकडा झाला होता. आबांचं ते राहून गेलं. आई म्हणाली होती, त्यावर मी बसणार नाही.

आईचा विषय निघाला तर साडीगार्डचं सांगतो. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला असते ती जाळी. आपल्याला ती इतकी सवयीची की दिसतही नाही. पण परदेशातून आलेल्या मोटारसायकलच्या मूळ नकाशात ती नव्हती. भारतातल्या बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, पदर वाऱ्यावर असतो, हे बघून ती लागली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकेल असं संरक्षण हवं, बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. या देशानं मोटारसायकलच्या आकारात केलेला सगळ्यात महत्त्वाचा बदल कुठला, असं मला विचारलं तर मी याच जाळीकडे बोट दाखवीन. आई त्या जाळीवर टाच टेकवून चैत्रात एकवीरादेवीच्या यात्रेला धुळ्याला जायची. पांझरेच्या पुलावर ती आबांच्या खांद्यावर हात ठेवायची, एरवी मूठ धरायची.

आता माझी पाळी.

२०१२-१३ मध्ये मी जळगावला कॉलेजात होतो. वर्गातल्या एकाकडे बजाज अ‍ॅव्हेंजर होती. ही गाडी २००५ मध्ये आली. तिच्याआधी २००१ मध्ये बजाजनं कावासाकीबरोबर एलिमिनेटर काढली होती, २००२ मध्ये यामाहाची एन्टायसर आणि रॉयल एन्फिल्डची थंडरबर्ड आली होती. पण खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, पाय पुढे सोडायचे, हे आमच्या पिढीच्या मध्यमवर्गीय पोराच्या आवाक्यात आणलं ते अ‍ॅव्हेंजरनं. मित्रानं तिला उंच हँडल, मागे टेकायला सिसी बार, झालरीची चामडी बॅग आणि चौदा एलईडी लावले होते. रात्री ती लग्नाच्या मंडपासारखी दिसायची. मला हेवा वाटला आणि मी आबांची बुलेट गावाहून आणली.

अजिंठा चौफुलीच्या बाजूला गॅरेजं आहेत. तिथल्या एका मिस्तरीकडे गेलो. जळगावात पाइप म्हटलं की लोकांना ठिबकचे नाहीतर पीव्हीसीचे पाइप आठवतात. मी पाइप म्हटल्यावर मिस्तरीनं वर बघितलं. छताला वीसेक सायलेन्सर टांगलेले होते, वांग्यांसारखे. आणि प्रत्येकाला नाव होतं. शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, डॉल्फिन, पंजाब, मेगाफोन, गोल्डस्टार, इंदोरी.

या नावांचा एक कोशच व्हायला हवा. इंदोरी ऐकलं की मला मुंबई-आग्रा रस्ता दिसतो. इंदूर, सेंधवा, शिरपूर, धुळे. याच रस्त्यानं ट्रकवरची कमळं, हरणं आणि शेरोशायरी खाली आली, ढाब्यावरची शेवभाजी वर गेली आणि गॅरेजचे शब्दही ये-जा करत राहिले. गोल्डस्टार तर त्याहून लांबचा. ३० जून १९३७ रोजी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर वॉल हँडली या शर्यतपटूनं बीएसए एम्पायर स्टार गाडीवर ताशी १०० मैलांहून जास्त वेगानं एक फेरी मारली. असं करणाऱ्याला तिथं एक सोनेरी ताऱ्याचा बिल्ला मिळे. बीएसएनं पुढच्या वर्षी त्या बिल्ल्याच्या नावानंच गाडी काढली, गोल्ड स्टार. तिच्या नंतरच्या मॉडेलांचा सायलेन्सर गाजला, गॅस सोडला की तो पक्ष्यासारखा चिवचिवतो म्हणून. गाडी १९६३ मध्ये बंद झाली. आज बीएसए हे नाव महिंद्राच्या घरात आहे आणि गोल्ड स्टार २०२४ मध्ये भारतातही विकायला आली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून चौफुलीवरचा, ब्रुकलँड्सचं नावही न ऐकलेला मिस्तरी गिऱ्हाइकाला विचारत होता, “गोल्डस्टार टाकू का?”

मी शॉर्ट बॉटल घेतला. स्वस्त होता.

सायलेन्सरच्या आत काय असतं ते त्यानंच एक कापलेला दाखवून समजावलं. सिलिंडरमधून गरम वायू दाबानं सुटतो. त्याला एकदम बाहेर सोडलं तर तो फटाक्यासारखा फुटतो. म्हणून आत पडदे, कप्पे, भोकं पाडलेली नळी, कधी ग्लासवूल. वायू त्यातून वळसे घेत, फुगत, थंड होत बाहेर पडतो. आमच्या बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे लांब धाव, वर जड फ्लायव्हील, त्यामुळे इंजिन अगदी हळू फिरलं तरी बंद पडत नाही. मिनिटाला ६०० फेरे धरले तर दोन फेऱ्यांमागे एक स्फोट, म्हणजे सेकंदाला पाच ठोके. पाच ठोके कान वेगवेगळे मोजू शकतो. बुलेटच्या आवाजातली जादू म्हणतात ती एवढीच. एरवीच्या गाड्यांमध्ये हे ठोके इतके जवळ येतात की त्यांची भुणभुण होते.

मिस्तरीनं आणखी एक सांगितलं, ते मी तेव्हा ऐकलं नाही. पडदे काढले की इंजिनाचा श्वास बदलतो, हवा-पेट्रोलचं प्रमाण चुकतं. कार्बोरेटरचा जेट बदलला नाही तर इंजिन तापतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून फटाके काढणाऱ्यांचं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. “आवाज चांगला येतो,” तो म्हणाला, “पण तो इंजिनाच्या पैशानं येतो.” आताच्या, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा गाड्यांमध्ये तर नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. पूर्ण नळी बदलली की धूर स्वच्छ करणारी व्यवस्थाच भंगारात जाते.

शॉर्ट बॉटल लावून पहिल्यांदा गावात गेलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. मला वाटलं होतं लोक बघतील. बघितलंच. सकाळी शेजारची म्हातारी ओट्यावर आली आणि रागावली नाही, नुसतं म्हणाली, “गाडी तुनी शे भाऊ, पन कान गावना शेतस.” कायद्यात हेच जरा लांबण लावून आहे. १२० वा नियम म्हणतो, प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवा आणि त्यानं आवाज शक्य तितका कमी करायला हवा. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. यात एक गोम आहे. डेसिबल सरळ वाढत नाही. ८० चे ९० झाले की ध्वनीची तीव्रता दहा पट झालेली असते. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यावर रोड रोलर फिरवतात, ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मला ते बघून दर वेळी दोन गोष्टी एकदम वाटतात. बरं झालं, ही एक. आणि तो पत्रा कुणीतरी हातानं वळवला होता, ही दुसरी.

सायलेन्सरवर थांबलो असतो तर बरं झालं असतं. मला बॉबर करायची होती. महायुद्धाहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये हे खूळ पसरलं. लष्करी हार्ले स्वस्तात मिळत, त्यांचं मडगार्ड कापायचं, नको तो भार काढायचा. तिथून पुढे चॉपर आली आणि १९६९ च्या ‘ईझी रायडर’ सिनेमानं ती जगभर नेली. त्यातली अमेरिकी झेंड्याच्या टाकीची ‘कॅप्टन अमेरिका’ ही जगातली सगळ्यात ओळखीची मोटारसायकल असेल. पोलिसांच्या लिलावातल्या जुन्या हार्ले घेऊन ती बांधली क्लिफ वॉन आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी, लॉस एंजेलिसमध्ये. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती. ती लोकांपर्यंत पोचायला काही दशकं गेली. मी हे वाचलं तेव्हा मला देवपूरचा पेंटर आठवला. आपल्याकडे नाव लावून हे काम करणारे फार थोडे. मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी आपल्या कारखान्याला सरळ ‘वर्देंची’ असं नाव दिलं. ही गाडी कुणाची, याचं उत्तर गिऱ्हाइकाच्या नावानं न देता कारागिराच्या नावानं देणारी ती षष्ठी मला फार आवडते.

तर मी मागचं मडगार्ड अर्धं कापलं. स्प्रिंगची एकट्याची सीट बसवली आणि मागे एक हातभर गादी. साडीगार्ड काढून टाकलं, कारण त्यानं चाक दिसत नव्हतं. मिस्तरीनं विचारलं होतं, “घरात लेडीज बसत नाहीत का मागं?” मी म्हणालो, बसत नाहीत.

२०१४ च्या मे महिन्यात आईला पारोळ्याला बँकेत जायचं होतं, एसटी चुकली. ती त्या हातभर गादीवर बसली. धरायला मूठ नव्हती, तीही मी काढली होती. गावाच्या वेशीपाशी, ताशी वीसच्या वेगात, मला मागून एकदम ओढ बसल्यासारखं झालं. पदर साखळीत नाही, चाकाच्या तारांत गेला होता. आई रस्त्यावर पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. वेग जास्त असता तर काय झालं असतं ते मी इथं लिहीत नाही. ती उठून बसली, चाकात गुंडाळलेली साडी बघत राहिली आणि म्हणाली, “तठे लोखंड व्हतं ना रे?”

दोष मिस्तरीचा नव्हता. त्यानं विचारलं होतं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. आबा माझ्याशी बोलले नाहीत, पण त्यांनी माळ्यावरून साडीगार्ड काढलं, आणि मूळचा सायलेन्सरही. तो तिथं गोणपाटात गुंडाळून कायम असायचा. कारण असं की खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. आमची २००६, २०११, २०१६, २०२१ अशी पासिंगला गेली. प्रत्येक वेळी आठवडाभर आधी ती पुन्हा १९९१ सालची व्हायची. मूळ सायलेन्सर, मूळ हँडल, काळा रंग. पास झाली की परत आपल्या वयाची. खानदेशातल्या किती माळ्यांवर असे मूळ सायलेन्सर झोपलेत कुणास ठाऊक.

काळ्या रंगाचीही एक गोष्ट आहे. १९९६ मध्ये आबांना गाडी फौजी दिसायला हवी होती. पेंटरनं ती ऑलिव्ह हिरवी करून दिली. दहा वर्षं ती तशीच हिंडली, कुणी हटकलं नाही. २००६ च्या पासिंगला साहेबांनी नुसती मान हलवली. १२१ वा नियम सांगतो की हा हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. म्हणजे ज्या गाडीला लष्करानं या देशात आणलं, तिला लष्कराचा रंग देता येत नाही. खुद्द कंपनीची यातून सुटका नव्हती. २०१८ मध्ये महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांच्या गाडीची आठवण म्हणून रॉयल एन्फिल्डनं ‘पेगासस’ काढली, जगभरात मिळून १०००. बाहेर ती हिरव्या आणि तपकिरी रंगात मिळाली, भारताच्या वाट्याच्या २५० सगळ्या तपकिरी.

रंगाचं काम मी तासन्‌तास बघितलंय आणि माझ्या मते गॅरेजमधलं खरं कसब तेच. सायलेन्सर चार नटांवर बदलतो. टाकी रंगवायची तर आधी उघडी करायची, पोचे काढायचे, पुट्टी भरायची, पाण्याच्या पेपरनं घासायची. आधी जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रायमर, परत घासणं, रंग, त्यावर लॅकर. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी टाकी पेंटर बोटानं बघतो, डोळे मिटून. या कामाला आपल्याकडे आजही ड्युको म्हणतात, फर्निचरवाले तर सर्रास. हा शब्द ड्यू पाँ या अमेरिकी कंपनीच्या लॅकरचा. १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड मोटारींवर तो वापरला गेला आणि दिवसेंदिवस वाळत बसणारा मोटारीचा रंग तासांत वाळू लागला. फोर्डच्या काळ्या गाड्यांच्या जमान्यात त्यानं रस्त्यावर रंग आणले. आपल्याकडे कंपनी कोण विसरून गेलं, शब्द सुताराच्या तोंडी राहिला.

आणि टाकीवरची ती सोनेरी रेघ. बुलेटच्या टाकीवरची रेघ मशीन मारत नाही. चेन्नईच्या कारखान्यात किशोर आणि जयकुमार हे भाऊ ती ब्रशनं, एका दमात ओढतात. हे काम त्यांच्याकडे वडिलांकडून आलं. कंपनी त्यांची नावं आता अभिमानानं सांगते. आमच्या टाकीवरची १९९१ ची रेघ कुणाच्या हातची असेल, तेही कारखान्यातलंच एखादं घर असेल.

आमच्याकडच्या पेंटरांचं काम तोवर आटत गेलं. आधी कॉम्प्युटरनं कापलेले रेडियमचे स्टिकर आले. तरी नंबर प्लेट उरल्या होत्या. ४१४१ चं ‘दादा’ करायचं, ८०५५ चं ‘बॉस’, ४९१२ चं ‘पवार’. बेकायदा होतं, पण त्या अक्षरांत हात दिसायचा. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एकसारखी प्लेट आली, मग जुन्यांना. चोरीच्या गाड्या सापडायला ती बरी, याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच वर्षाच्या ९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात सांगितलं की आरसीत नोंदलेला, कंपनीनं ठरवलेला मूळ तपशील मालकाला बदलता येणार नाही. त्याच वर्षी कायदाही कडक झाला. बेकायदा फेरफाराला एका बदलामागे ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रंग बदलायचा तर तो आरसीवर चढवून घ्यायचा, ही वाट उरली आहे. मी २०२२ मध्ये मरून रंग दिला तेव्हा ती वाट धरली नाही. आळस, दुसरं काही नाही.

म्हणून या वर्षी, २०२६ च्या पासिंगआधी, टाकी परत चौफुलीवर नेली. मिस्तरी म्हातारा झालाय, घासायचं काम त्याचा पुतण्या करतो. मी शेजारी स्टुलावर बसलो. मरून आधी गेला, लाल पाणी खाली वाहिलं. त्याखाली माझ्या बॉबरचा मॅट काळा. मग २००६ चा चकचकीत काळा. मग अचानक, नखाएवढ्या जागेत, हिरवा. देवपूरच्या पेंटरचा. पोरानं कडेकडेनं आणखी घासलं आणि हिरव्याखाली पुन्हा काळा लागला, आणि त्यावर बोटभर लांबीची सोनेरी रेघ, अजून सरळ. पाच रंगांचे पाच काठ टाकीवर दिसत होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे.

पोरगा थांबला. पेपर पाण्यात बुडवून त्यानं विचारलं, “कुठल्यावर थांबू?”

मी फोन काढला, फोटो घेतला आणि म्हणालो, “थांब, आईला विचारून सांगतो.”